चरबी फक्त बसून खाणाऱ्यांना होते काय?

पाटोदा तालुक्यातले कोयते दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत येतात. येताना टाच, पोटरी, खांदा, कंबर यांचे दुखणे बरोबर आणतात. पाच-सहा महिने मोळ्या वाहिल्यावर अंग दुखणारच, हे दुखणाऱ्याने मान्य केले आहे, मुकादमाने केले आहे आणि पुष्कळदा डॉक्टरनेही. एक सुई, चार गोळ्या, की पुढचा पेशंट. आमचे म्हणणे असे की, यातल्या काही दुखण्यांमागे रक्तातली वाढलेली चरबी असते आणि ती कोणी मोजत नाही. भाकरी-ठेचा खाऊन राबणाऱ्याला कुठले कोलेस्टेरॉल, असे आपण धरूनच चाललो आहोत.

शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, शरीर स्वतःच बनवते. यकृताच्या पेशींवर रक्तातले एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आत ओढून घेणारी जणू दारेच असतात. ही दारे शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन डॉक्टरांना 1985 साली नोबेल मिळाले. साधारण 250 ते 300 माणसांत एकाला ही दारे जन्मतःच अपुरी असतात. तो कितीही राबला, कितीही कोरडे खाल्ले, तरी त्याचे एलडीएल चढेच राहते.

अशा माणसाची खूण टाचेमागे सापडू शकते. तिथल्या जाड दोरीला आपण शीर म्हणतो, पण ती रक्ताची नळी नव्हे. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी ती कंडरा आहे. एलडीएल वर्षानुवर्षे चढे राहिले की कोलेस्टेरॉल तिच्यात साचते, ती जाड आणि गाठाळ होते, सकाळी पहिली पावले टाकताना दुखते. हाताच्या बोटांमागेही अशा गाठी येतात. कंडरेला रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यामुळे ती सावकाश भरून येते. तरुण माणसाची टाचेमागची दोरी दोन्ही पायांना जाड लागत असेल आणि घरात कोणी चाळिशी-पन्नाशीत हार्ट अटॅकने गेले असेल, तर त्याला मलम देऊन परत पाठवणे हा अपराध आहे. एलडीएल 190 च्या वर निघाले तर त्याच्या भावंडांचे आणि लेकरांचेही रक्त तपासलेच पाहिजे.

आपल्या भगिनींची गोष्ट आणखी वेगळी आहे. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यावर बरीच चर्चा झाली. पण पुढे त्या बायांच्या हाडा-सांध्यांचे काय झाले, हे किती जणांनी विचारले? गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली असतील तर पाळी जाण्याचे वय एका दिवसात येते. एलडीएल वाढते, हाडे विरळ होतात, सांधे आखडतात. पस्तिशीच्या बाईचे दुखणे साठीच्या बाईसारखे का, याचे उत्तर तिच्या ऑपरेशनच्या कागदात असू शकते. तो कागद जपून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

पोटरीचेही तसेच. चालताना पोटरीत गोळा येतो, थांबले की दोन-चार मिनिटांत जातो, पुन्हा चालले की पुन्हा येतो. हे पायाच्या रक्तवाहिन्या चरबीने अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. त्यात तंबाखू किंवा बिडी असेल तर धोका जास्तच. ट्रायग्लिसराइड वाढलेल्यांत युरिक अ‍ॅसिडही पुष्कळदा वाढलेले असते आणि मग पायाचा अंगठा रात्रीतून सुजतो. गुडघ्याच्या झिजेचे खापर मात्र आम्ही चरबीवर फोडणार नाही. तिथे ओझे आणि वय हीच मोठी कारणे.

औषधाबद्दल एक उलटी तक्रार ऐकू येते. कोलेस्टेरॉलच्या गोळीने अंग दुखते म्हणून लोक ती परस्पर बंद करतात. काहींना त्या गोळीने स्नायू दुखतात, हे खरे. पण मोठ्या चाचण्यांत खोटी गोळी घेणाऱ्यांचेही अंग जवळजवळ तितकेच दुखले होते. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, गोळी बदलू शकतात, थायरॉईड तपासू शकतात, कारण थायरॉईड मंदावले तरी चरबी वाढते आणि स्नायूही दुखतात. लघवी काळपट झाली आणि हातापायातली ताकद गेली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तरीही तिशीपुढच्यांच्या सरकारी तपासणीत बीपी आणि साखर पाहतात, चरबी नाही. भीमजयंतीला विहारात शिबिरे होतात, तेव्हा बहुतेक कोयते घरी आलेले असतात. यंदा शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी बीपी-साखरेबरोबर कोलेस्टेरॉलचाही नमुना घ्यावा. त्यासाठी उपाशीपोटीच यायला हवे असेही नाही. आणि डॉक्टरांना सांगावे, प्रत्येकाची चप्पल काढायला लावून टाचेमागची ती दोरी दोन बोटांत धरून बघा.