काटा वजन सांगतो, पोषण नाही

आपल्याकडच्या गाड्यांवरील ‘शेजवान’ला ज्या प्रांताचे नाव मिळाले, त्या चीनमधील सिचुआनचा ‘मालातांग’ आता परदेशांतल्या अनेक कॉलेजांजवळ मिळतो. भाज्या, टोफू, मांस, नूडल्स आपणच वाडग्यात घ्यायचे, काट्यावर ठेवायचे आणि वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. मग ते तिखट रश्श्यात शिजवून मिळते. घरापासून दूर शिकणाऱ्यांना, त्यांत आपली मुलेही आली, हे सोयीचे आहे.

मेख आहे ती दरात. बहुतेक जिन्नसांना भाव एकच. कोबीत ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि १०० ग्रॅममध्ये जेमतेम २५ कॅलरी. तेवढ्याच वजनाच्या तळून सुकवलेल्या नूडल्समध्ये सुमारे ४५०. साहजिकच पैसे वाचवू पाहणारा विद्यार्थी भाजी टाळतो. शिवाय रश्श्यात मीठ भरपूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ते दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी हवे.

म्हणून अर्धा वाडगा भाजी, पाव वाडगा टोफू, अंडी किंवा मांस आणि उरलेल्या जागेत नूडल्स घ्याव्यात. रस्सा पिऊन संपवू नये. विद्यार्थ्यांच्या गर्दीवर चालणाऱ्या दुकानांनीही भाजीचा दर कमी ठेवायला हरकत नाही.