मेळघाटातील पायवाट कोणासाठी?

दिवाळीची सुटी जवळ आली की परतवाड्याच्या बसस्थानकावर पाठीवर बोजे बांधलेल्या तरुणांचे घोळके उतरू लागतात. मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत येणारी शकुंतला बंद पडल्यापासून ही मंडळी अमरावतीहून एस. टी.नेच येतात. बोज्यात तंबू असतो, दोन दिवसांचा शिधा असतो. चार दिवस सातपुड्यात पायी हिंडावे आणि सायंकाळ होईल तेथे मुक्काम टाकावा, असा त्यांचा बेत असतो. बेत निर्मळ आहे, यात शंका नाही. परंतु मेळघाटात असा मुक्काम टाकता येत नाही, ही गोष्ट त्यांपैकी अनेकांना परतवाड्याच्या चहाच्या टपरीवर प्रथमच कळते.

याचा दोष सर्वस्वी त्या तरुणांचा नाही. सह्याद्रीत गड चढावा, माचीवर किंवा देवळात पथारी पसरावी, ही महाराष्ट्रातील भटक्यांची जुनी सवय. वस्तुतः हरिश्चंद्रगडही १९८६ पासून अभयारण्यात मोडतो. तरीही कोकणकड्यावर तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या, त्या सर्वांनी पाहिल्या आहेत. त्या अनुभवावर पोसलेला माणूस मेळघाटात आला म्हणजे तेथील बंधने त्याला सरकारी आडमुठेपणाची वाटतात. ती तशी नाहीत, हे आधी समजून घेतले पाहिजे.

१९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटची गणना झाली. आज या प्रकल्पाचा विस्तार सुमारे २,७६८ चौरस किलोमीटरचा असून त्यातील सुमारे १,५०० चौरस किलोमीटर हा गाभा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही. कलम ३० प्रमाणे तेथे विस्तव पेटविता येत नाही. सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याला मात्र या कायद्यात सूट आहे. त्यामुळे परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे जाणाऱ्या एस. टी.तील उतारू कोणाचीही परवानगी न काढता व्याघ्र प्रकल्प ओलांडून जातो. तोच उतारू रस्ता सोडून शंभर पावले आत गेला की गुन्हेगार ठरतो.

कायदा बाजूला ठेवला तरी निसर्गाची अट उरतेच. मेळघाटचा खडक काळा बेसाल्ट. पावसाळ्यात सिपना, खापरा, गाडगा या नद्या दुथडी वाहतात, पण मार्च लागला की पात्र तुटते आणि पाणी डोहाडोहांत शिल्लक राहते. तंबू लावणारा साहजिकच पाण्याची जवळीक शोधतो. गवा, सांबर, अस्वल आणि वाघ यांनाही रात्री तोच डोह हवा असतो. तेथे चार माणसांनी रात्रभर गप्पा मारल्या तर त्या रात्री कोसभर परिसरातील जनावर तहानलेले राहते. याच दिवसांत मोह फुलतो. पहाटे मोहाखाली फुले वेचणारी माणसे येतात तशी अस्वलेही येतात. मेळघाटात पायी चालणाऱ्याने वाघापेक्षा अस्वलाचे भय अधिक बाळगावे. आणि वाळलेल्या सागाच्या पानांवर पडलेली एक ठिणगी काय करते, ते जाळरेषा साफ करण्यात उन्हाळा घालविणाऱ्या कोणत्याही वनमजुराला विचारावे.

तेव्हा बेत आखणाऱ्याने शिध्याआधी परवान्याचा विचार करावा. मुक्काम सेमाडोह, कोलकास येथील वननिवासांत करावा. पायांना काम हवे असेल तर चिखलदऱ्याहून गाविलगडावर जावे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने जिंकलेला तो गड नीट पाहायचा तर पूर्ण दिवस लागतो. अकोटच्या बाजूने नरनाळाही आहे. ज्याला रानातील रात्रच अनुभवायची आहे त्याच्यासाठी बुद्धपौर्णिमेचे मचाण आहे. पाणवठ्यावर बसून प्राणी मोजण्याची ही जुनी रीत. वाघांची गणना स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होऊ लागल्यावर तिचे शास्त्रीय महत्त्व ओसरले. पण चांदण्यात रात्रभर गप्प बसण्याची शिस्त तिने पुष्कळांना लावली.

एवढे मान्य करूनही एक प्रश्न राहतो. बंधन आहे ते पायी चालणाऱ्यावर. वाहनावर बसणाऱ्याची सोय मात्र दरवर्षी वाढत आहे. काही ठिकाणी वाटाड्याबरोबर थोडे अंतर चालता येत असले तरी पर्यटनाचा सारा भर उघड्या जीपवर आहे. चिखलदऱ्यात गोराघाट ते हरिकेन पॉइंट असा दरीवरून जाणारा काचेचा गगनपथ सिडकोने आखला. दरीवरून चालण्याची एवढी हौस आणि दरीत उतरून चालणाऱ्याची एवढी अडचण, ही विसंगती कोणाच्याच नजरेस कशी येत नाही?

पायी पर्यटन आणि वाघ यांचे वैर आहे, असेही नाही. केरळातील पेरियार व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांच्या लहान तुकड्या पायी नेल्या जातात, जंगलात तंबूत मुक्कामही होतो. त्यांना नेणारे वाटाडे म्हणजे पूर्वी त्याच रानात चोरटी शिकार आणि सालींची तस्करी करणारी माणसे. ज्यांना रानाच्या आडवाटा ठाऊक होत्या त्यांनाच वन खात्याने राखणीला लावले. मेळघाटच्याच डोंगररांगेत, मध्य प्रदेशातील सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही, वनरक्षक आणि वाटाड्यासह पायी हिंडू दिले जाते. महाराष्ट्राने मेळघाटच्या गाभ्याला हात न लावता बाहेरच्या पट्ट्यात दोन-तीन वाटा आखाव्यात. एका वेळी सहा-आठ माणसे, ठरलेला तळ, विस्तव नाही, उन्हाळ्यात वाट बंद. आणि वाट चालविण्याचा अधिकार व तिचे उत्पन्न त्या त्या कोरकू गावाच्या ग्रामसभेकडे. ठेकेदाराच्या हाती ही वाट गेली तर वर्षभरात तिची जत्रा होईल.

कोरकूंचे नाव येथे सौजन्यापोटी घेतलेले नाही. सिपना या शब्दाचा अर्थच त्यांच्या भाषेत साग असा होतो. नदीला नाव त्यांचे, रानाला पायवाटा त्यांच्या. याच प्रकल्पासाठी बोरी, कोहा, कुंड ही गावे या शतकाच्या आरंभी उठविण्यात आली. पुढे वैराट, चुर्णी आणि इतर गावे उठली. काहींना नव्या जागी शेती आणि शाळा मिळाली, हे खरे. पण जानेवारी २०१९ मध्ये अकोट-तेल्हाऱ्याकडे नेलेली कित्येक कुटुंबे, कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत म्हणून पुन्हा जंगलात शिरली आणि केलपाणी परिसरात वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला. त्यात दोन्हीकडची माणसे जखमी झाली. ज्या रानातून माणसांना वाघासाठी उठविले त्याच रानात परगावच्या पाहुण्याला तिकीट काढून नेले जाते, हे त्या कुटुंबांना कोणत्या शब्दांत समजावणार? पाहुण्याने दिलेल्या पैशातला वाटा त्यांच्या घरी गेला आणि पाहुण्याच्या पुढे चालणारा माणूस त्यांच्यातला असला, तर निदान बोलायला तोंड राहील.

काम अवघड नाही, पण त्याला वेळेची मर्यादा आहे. कोणता झरा मे महिन्यापर्यंत टिकतो, कोणत्या उतारावर अस्वलांची वस्ती असते, पाऊस लागल्यावर नाला कोठे ओलांडावा, हे नकाशावर नाही. ते उठविलेल्या गावांतील म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. ती माणसे आज अकोटच्या सपाटीवर राहतात. त्यांची नातवंडे डोंगरावर जन्मलेली नाहीत.