‘ओळख पटली नाही’ हेही उत्तर आहे

मार्च उजाडला की निसर्ग मंडळाच्या वह्या कपाटातून बाहेर येतात आणि त्यांच्याबरोबर एक स्पर्धाही येते. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत फुलपाखरांच्या जास्तीत जास्त जाती कोणत्या हाउसने नोंदवल्या? यादी जितकी लांब, तितके गुण जास्त. पुष्कळ निवासी शाळांत ही पद्धत आहे आणि तिच्यामागचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. तरीही माझे मत असे, की जातींची ही मोजदाद बंद करावी आणि फुलपाखरे पाहण्याचा वेळ मात्र वाढवावा.

आधी हंगामाविषयी दोन शब्द, कारण महाराष्ट्रातून आलेल्या कॅडेटचा इथे हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे फुलपाखरांचे दिवस म्हणजे श्रावणापासून दिवाळीपर्यंतचे. पाऊस पडतो, रान हिरवे होते, सुरवंटांना कोवळी पाने मिळतात आणि भाद्रपद-आश्विनात फुलपाखरांची गर्दी उसळते. हिमालयाच्या उतारावर पाऊस सुरू होण्याआधीच एक मोठा बहर येऊन जातो. थंडी ओसरता ओसरता पहिल्यांदा दिसतात ती हिवाळा प्रौढ अवस्थेतच काढलेली फुलपाखरे: नारिंगी-काळे इंडियन टॉर्टॉइजशेल आणि फिकट पिवळे ब्रिमस्टोन. महिनोन्‌महिने फटीत, पानांआड निपचित बसून राहिल्यामुळे त्यांचे पंख कडेला झिजलेले असतात. त्यामागून पांढरी फुलपाखरे, पेंटेड लेडी, रेड अ‍ॅडमिरल येतात. मे महिन्यात ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर कॉमन पीकॉकसारखी मोठी, हिरव्या-निळ्या चमकेची फुलपाखरे क्षार शोषायला उतरतात. उत्तराखंडने याच कॉमन पीकॉकला आपले राज्य फुलपाखरू केले आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला, म्हणजे राणी पाकोळीला तो मान दिला, हे मराठी कॅडेटना ठाऊक असेलच.

म्हणजे आपल्या टर्ममध्ये पाहण्यासारखे भरपूर आहे. प्रश्न आहे तो कसे पाहायचे याचा.

यादीच्या स्पर्धेत काय होते ते एका साध्या उदाहरणाने सांगतो. मेसमागच्या कोबीच्या वाफ्यावर दोन पांढरी फुलपाखरे भिरभिरत असतात. वहीत लगेच दोन नावे उतरतात: लार्ज कॅबेज व्हाइट आणि इंडियन कॅबेज व्हाइट. दोन्ही जाती या भागात आहेत, त्यामुळे नोंद खोटी वाटत नाही. पण वीस पावलांवरून उडत्या फुलपाखरात हा फरक दिसतो का? मोठ्या जातीत पुढच्या पंखाच्या टोकाचा काळा रंग कडेने खाली उतरतो आणि त्याची आतली कड सरळ, गुळगुळीत असते. इंडियन कॅबेज व्हाइट आकाराने लहान. त्याच्या टोकाच्या काळ्या डागाची आतली कड करवतीसारखी दातेरी असते आणि मागच्या पंखाच्या किनारीवर काळ्या ठिपक्यांची ओळ असते. हे बघायला फुलपाखरू बसेपर्यंत थांबावे लागते. ज्याने थांबून पाहिले आणि एकच नाव लिहिले, त्याला एक गुण. ज्याने न पाहता दोन नावे लिहिली, त्याला दोन. अशा स्पर्धेतून मुलगा काय शिकतो, हे वेगळे सांगायला नको.

आता जरा अवघड उदाहरण. खाली दरीत उतरलात किंवा सुट्टीत घरी गेलात, तर रुईच्या झुडपांभोवती प्लेन टायगर दिसेल: तांबूस-नारिंगी पंख, काळी टोके, टोकांवर पांढरे ठिपके. त्याचा सुरवंट रुईची विषारी पाने खातो आणि ते विष फुलपाखराच्या अंगात उतरते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. आणि नेमका हाच गणवेश डॅनेड एगफ्लाय या वेगळ्या जातीच्या मादीने चढवलेला असतो. तिच्या अंगात ते विष नाही; वेषावर तिचे निभावते. तिचा नर मात्र काळा, पंखांवर पांढरे गोल डाग असलेला, तिच्याशी काडीचे साम्य नसलेला. ओळखायचे कसे? मागच्या पंखाकडे पाहायचे. प्लेन टायगरच्या त्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या मादीत ते नसतात. वरच्या कडेजवळ एकच काळा डाग असतो. कॉमन मॉर्मनच्या मादीची गोष्टही अशीच. तिचे एक रूप कॉमन रोझ या विषारी फुलपाखराची हुबेहूब नक्कल करते. पण कॉमन रोझचे अंग लाल असते आणि नक्कल करणारीचे काळे. पंखांवरून फसाल, अंगावरून नाही.

एनसीसीच्या फिल्डक्राफ्टमध्ये ‘वस्तू का दिसतात’ हा धडा आपण सगळेच शिकतो: आकार, सावली, छायाकृती, पृष्ठभाग, चमक, अंतर, हालचाल. परीक्षेपुरती ही यादी पाठ होते. ती खरी कळायची असेल तर ऑरेंज ओकलीफ बसताना पाहावे. उडताना निळा आणि नारिंगी रंग डोळ्यांत भरतो. फांदीवर बसून पंख मिटले की समोर उरते एक वाळलेले पान, मधल्या शिरेसकट. आकार पानाचा, पृष्ठभाग पानाचा, चमक नाही, हालचाल नाही. धड्यातले मुद्दे एकामागून एक तिथे डोळ्यांसमोर उभे राहतात, आणि ते फुलपाखरू पुन्हा शोधून काढता काढता नजर तयार होते ती वेगळीच.

म्हणूनच ‘सैनिकाला फुलपाखरू कशाला?’ या प्रश्नाचे मला नवल वाटते. आपल्या देशातल्या फुलपाखरांच्या अभ्यासात सैनिकी पेशाचा वाटा फार जुना आहे. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन या मराठी मंडळींबरोबर कर्नल चार्ल्स स्विन्हो होते. पतंग आणि फुलपाखरे हाच त्यांचा ध्यास. रॉयल इंजिनिअर्सचे ब्रिगेडियर विल्यम हॅरी इव्हान्स यांनी भारतातील फुलपाखरे ओळखण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती १९३२ मध्ये निघाली. त्या पुस्तकाचा कणा म्हणजे ओळखीच्या किल्ल्या. हे लक्षण आहे का? असेल तर इकडे वळा, नसेल तर तिकडे. एकेक पायरी पुराव्याने चढायची. एखाद्या पायरीवर पुरावा संपला, तर तिथेच थांबायचे.

त्याच इव्हान्स यांनी नोंदवलेले १९० मिलिमीटर पंखविस्ताराचे सदर्न बर्डविंग हे भारतातले सर्वांत मोठे फुलपाखरू म्हणून तब्बल ८८ वर्षे गणले गेले. २०२० मध्ये उत्तराखंडातल्या डीडीहाट येथील गोल्डन बर्डविंगची मादी १९४ मिलिमीटर भरली आणि तो मान तिच्याकडे गेला. फरक चार मिलिमीटरांचा. जुनी नोंद मापासह नेमकी लिहिलेली होती, म्हणूनच नवी नोंद तिच्याशी ताडून पाहता आली. ‘खूप मोठे फुलपाखरू दिसले’ एवढेच कोणी लिहिले असते, तर पुढच्या माणसाला त्याचा काय उपयोग झाला असता?

माझी सूचना साधी आहे. वहीत नावाच्या रकान्याआधी वर्णनाचे रकाने असावेत: तारीख, वेळ, जागा, ऊन की ढग, बसताना पंख मिटलेले की पसरलेले, वरची बाजू दिसली की खालची, अंदाजे आकार, कोणत्या झाडावर, काय करत होते. नाव सर्वांत शेवटी, आणि त्यापुढे तीनपैकी एक शेरा: ‘खात्री’, ‘शक्यता’ किंवा ‘ओळख पटली नाही’. गुण वर्णनाला द्यावेत. नीट वर्णनासह लिहिलेल्या ‘ओळख पटली नाही’ला पूर्ण गुण द्यावेत, आणि वर्णनाशिवाय लिहिलेल्या नावाला शून्य. टेहळणीवरून येणाऱ्या अहवालाचा नियम हाच असतो. ‘वाहन दिसले, प्रकार ओळखता आला नाही’ असे कळवणारा जवान वरिष्ठांच्या उपयोगी पडतो. न पाहिलेले छातीठोक सांगणारा आपल्याच माणसांना गोत्यात आणतो.

यावर काही आक्षेप येतील. पहिला वेळेचा. बोर्ड, एनडीएची लेखी परीक्षा, क्रॉस कंट्री, ड्रिलची तयारी. यातून वेळ कुठला? मी रोजचा तास मागत नाही. फुलपाखरांना उडायला उन्हाची ऊब लागते, त्यामुळे पहाटेच्या पीटीच्या वेळी त्यांना शोधून उपयोगही नाही. रविवारी नाश्त्यानंतर ऊन तापू लागले की अर्धा तास पुरे. पहाटेची वेळ पतंगांची. रात्रभर दिवा जळलेल्या भिंतीवर फॉलिनच्या आधी नजर टाकली, तर दहा-पंधरा पतंग निवांत बसलेले सापडतात आणि वर्णन लिहून होईपर्यंत हलत नाहीत.

पतंगांकडे आपण उगाच दुर्लक्ष करतो. भारतात फुलपाखरांच्या सुमारे १,३०० जाती आहेत, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. फुलपाखराच्या मिशांची टोके गदेसारखी फुगीर असतात. पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या. बहुतेक पतंग पंख छपरासारखे उतरते ठेवून बसतात. ‘पतंग रात्रीचा, फुलपाखरू दिवसाचे’ हा नियम मात्र डोळे मिटून लावू नका. भर दुपारी फुलासमोर हवेत स्थिर राहून लांब सोंडेने मध पिणारा हमिंगबर्ड हॉकमॉथ हा पतंगच आहे. अनेक जण त्याला पक्षी समजतात. आणि उन्हाळी रात्री दिव्यापाशी फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा मून मॉथ आला, तर सगळ्या हाउसला बोलावून दाखवा. त्याला खाता येईल असे तोंडच नसते. सुरवंट असताना साठवलेल्या बळावर त्याचे आठवडाभराचे आयुष्य निघते.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. फोटो काढला की अ‍ॅप नाव सांगते, मग एवढा खटाटोप कशाला? अ‍ॅप उपयोगी आहे, सुट्टीत जरूर वापरा. पण अ‍ॅप देते तो अंदाज. डॅनेड एगफ्लायचा मागचा पंख फोटोत आलाच नसेल, तर यंत्र काय पाहणार? तो पंख दिसेपर्यंत थांबायचे हे फोटो काढणाऱ्याने ठरवायचे असते.

जाळी आणि टाचण्यांना या कामात जागा नको. पूर्वीच्या अभ्यासकांना नमुने गोळा करण्यावाचून मार्ग नव्हता, आपल्याला आहे. शिवाय काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित यादीत आहेत. पाहा, लिहा, चित्र काढा, आणि सोडून द्या.

आता एक विनंती शाळेच्या प्रशासनाला. वार्षिक पाहणी जवळ आली की मैदानाबरोबर कुंपणाकडेचा उतारही साफ होतो, आणि तिथली बिच्छू घास आधी कापली जाते. ती अंगाला लागली की आग होते, म्हणून तिच्यावर कोणाचे प्रेम नाही. पण इंडियन टॉर्टॉइजशेल आणि रेड अ‍ॅडमिरल यांचे सुरवंट तिच्यावरच वाढतात. एप्रिलमध्ये घास कापली, तर तिच्यावरचे सुरवंटही तिच्याबरोबर जातात. ड्रिल स्क्वेअर, रस्ते, हाउसची आवारे चकचकीत हवीतच. त्याबद्दल वाद नाही. ऑब्स्टॅकल कोर्सपलीकडचा पाच-सहा मीटर रुंदीचा एक पट्टा जूनअखेरपर्यंत न कापता, न फवारता ठेवावा, एवढेच मागणे आहे. त्यावर ‘निसर्ग नोंदीसाठी राखीव’ अशी पाटी लावली, म्हणजे पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांना तो निष्काळजीपणा वाटणार नाही.

आणि एक विनंती पालकांना. मुले सुट्टीवर येतील तेव्हा महाराष्ट्रात उन्हाचा कडाका असेल, फुलपाखरे कमी दिसतील. पण गॅलरीतल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही चिकटलेले दिसले, तर झटकून टाकू नका. तो कॉमन मॉर्मनचा किंवा लाइम बटरफ्लायचा कोवळा सुरवंट असू शकतो. पानफुटीच्या कुंडीत पाने आतून पोखरलेली दिसली, तर तिथे रेड पियरोचा सुरवंट शोधा. चार पाने जातील, पण सुरवंटापासून कोषापर्यंत आणि कोषापासून पंख फुटेपर्यंतचा सगळा प्रवास घरबसल्या पाहायला मिळेल. मुलाने ‘हे कोणते फुलपाखरू, ते मला ठरवता आले नाही’ असे सांगितले, तर त्याला नाव विचारू नका. काय काय दिसले, ते विचारा.

जुलैमध्ये सगळे परत आले की वह्या तपासल्या जातील. त्या वेळी जातींची बेरीज न करता प्रत्येक वहीतले एक चांगले वर्णन वर्गात मोठ्याने वाचून घ्यावे, आणि बाकीच्यांनी ते ऐकून फुलपाखरू ओळखावे, असे मी सुचवतो. ऐकणाऱ्यांना ओळखता आले, तर लिहिणाऱ्याने नीट पाहिले होते.