'स्वावलंबी व्हा' म्हणणाऱ्यांना

आमच्या समुद्रपुरात समुद्र नाही. काळी माती आहे, कापूस आहे, हिंगणघाटला जाणारी एसटी आहे. समुद्र मी पाहिला मुंबईच्या गोदीत, पाठीवर गोणी असताना. तेव्हापासून नुसत्या नावावर माझा भरवसा नाही. आत माल आहे का, ते बघतो.

'स्वावलंबी' हा शब्द बघा. अवलंब म्हणजे आधार. स्वतःच्या आधारानं उभा तो स्वावलंबी. झकास! पण हा उपदेश नेहमी आम्हालाच का?

मार्च १९२७. महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं मांस सोडा, उष्टं मागणं सोडा. अन् त्याच परिषदेतून उठून लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले. भीक सोडली, हक्क घेतला. स्वावलंबन म्हणतात ते हे.

दहा वर्षांनी आमच्याच जिल्ह्यात, वर्ध्याला, गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. पोरांच्या हातकामाच्या मिळकतीतून हळूहळू मास्तरचा पगार निघावा, असं ठरलं. शिक्षण स्वावलंबी! ज्यांच्या बापजाद्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्या पोरांनी शिकायची किंमतही राबूनच चुकवायची? इथं भीक नव्हती सुटत, हक्क सुटत होता.

आता ८ मे २०२०. लॉकडाऊनमध्ये जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळावर झोपले अन् मालगाडीखाली गेले. चारच दिवसांनी, १२ मे रोजी, पंतप्रधान देशाला म्हणाले, आत्मनिर्भर व्हा. पुढं ऑक्सफर्डनं 'आत्मनिर्भरता' हाच २०२० सालचा हिंदी शब्द ठरवला. त्या सोळा जणांपेक्षा स्वतःच्या पायांवर कोण उभं होतं, दोस्तहो? त्यांना उपदेश नको होता. गाडी हवी होती.

गोदीत गोणी एकटा कुणी उचलत नाही. दोघं हात देतात, तिसरा पाठीवर घेतो. त्यानं तिसरा परावलंबी होत नाही. माही माय म्हनते, "बाबू, कोनाच्या दारात हात पसरू नको, पन आपलं हाय ते सोडू बी नको."

म्हणून स्टेजवरून कुणी 'स्वावलंबी व्हा' म्हणाला, की उभं राहून विचारा : रेशन, शाळा, दवाखाना, पक्की नोकरी... यातलं काय काढून घेतोयस? आधी ते सांग, मग टाळ्या माग.