बुकावरचे नाव

मावळात जमीन घेणारा माणूस फार सावध असतो. पवनेकाठी वीस गुंठे घ्यायचे झाले तरी तो आधी सातबारा पाहतो, मग फेरफार पाहतो, मग तलाठ्याकडे जाऊन तोच फेरफार पुन्हा पाहतो, आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतल्यावाचून विसाराचा रुपया कोणाच्या हातावर ठेवीत नाही. विकणाऱ्याच्या चुलत्याला मुली किती आणि त्यांनी हक्कसोड केली की नाही, हेसुद्धा त्याला तोंडपाठ असते. पण हाच गृहस्थ लोणावळ्यातल्या एखाद्या बंगल्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी विलायती मोटारसायकल पाहतो, आणि ताडपत्रीबरोबर त्याचे शहाणपणही बाजूला सरते. तो एकच प्रश्न विचारतो : ‘चालू होते का?’

हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न, बुकावर नाव कोणाचे?

माझा धंदा मराठी शिकवण्याचा, त्यामुळे मला इथे षष्ठी विभक्ती आठवते. ‘माझी मुलगी’, ‘माझे गाव’, ‘माझी लोकल चुकली’, या तिन्हींत शब्द एकच, पण मुलगी, गाव आणि लोकल यांच्यावर माझा सारखाच हक्क आहे असे कोणी म्हणणार नाही. ‘ही माझी गाडी’ असे विकणारा म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ इतकाच असतो की, किल्ली माझ्या खिशात आहे. कायद्याला ही सैल षष्ठी चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या लेखी ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे अगदी स्वच्छ सांगितले. २००७ साली विकलेली एक मोटार एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत राहिली, बुकावरचे नाव मात्र कोणी बदलले नाही. २००९ मध्ये तिच्याखाली सापडून एकाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? न्यायालय म्हणाले, ज्याचे नाव नोंदलेले आहे त्याने. म्हणजे गाडी विकून दोन वर्षे निर्धास्त झोपलेल्या माणसाने! तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कोणी जुनी स्कूटर कोणाला ‘देऊन टाकली’ असेल तर तिच्या बुकाचे पुढे काय झाले ते आजच विचारा. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे, असा नियम आहे. गाडी परराज्यात गेली तर विकणाऱ्याला पंचेचाळीस दिवस मिळतात.

लोणावळ्यात अशा गाड्या अजून निघतात, याला इतिहास आहे. मुंबईकरांनी हवापालटासाठी बंगले बांधले, आणि मुंबईच्या घरात न मावणारे सगळे इकडे आणून ठेवले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बीएसए, नॉर्टन, मॅचलेस या कंपन्यांनी मोटारसायकली ढिगाने बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या कितीतरी ‘डिस्पोजल’मध्ये निघाल्या. पुढे मुंबईच्या इराणी मंडळींनी झेकोस्लोव्हाकियातून जावा आणली, आणि १९६१ पासून ती म्हैसुरातच होऊ लागली. मद्रासेत एन्फिल्डचे काम १९५५ पासून सुरू होते. परकीय चलन आटले तशी आयातीची दारे लागली, आणि आतल्या गाड्या आतच म्हाताऱ्या झाल्या. मोठ्या परदेशी मोटारसायकलींना दार पुन्हा उघडले ते २००७ साली, आणि तेही आंब्यामुळे! अमेरिकेने आपला आंबा घ्यायचे कबूल केले, आपण त्यांची हार्ले-डेव्हिडसन. द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव असल्यामुळे आज रविवारी सकाळी या साऱ्या जुन्या रस्त्यानेच तळेगाव, वडगाव, कामशेत करीत लोणावळ्याला येतात, आणि चिक्कीच्या दुकानांपुढे त्यांची जत्रा भरते.

त्या जत्रेत ‘इंपोर्टेड’ हा शब्द फार स्वस्त झालेला आहे. विलायतेतली ट्रायम्फ म्हणून जिच्याभोवती पोरे जमतात ती चारशेची ट्रायम्फ २०२३ पासून बजाजच्या चाकणच्या कारखान्यात होते. मावळातून डोंगर ओलांडला की चाकण. यात वाईट काही नाही, पण आयात गाडीचा भाव देण्यापूर्वी चेसिस नंबर वाचावा. अलीकडच्या गाड्यांवर तो सतरा अक्षरांचा असतो आणि पहिले अक्षर जन्मगाव सांगते. जपानचे ‘जे’, इटलीचे ‘झेड’, जर्मनीचे ‘डब्ल्यू’. हिंदुस्थानचे ‘एम’, पुढे बहुधा ‘ए’ ते ‘ई’ यांपैकी एक. या सतरांत ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे कधीच नसतात. दिसली, तर छिन्नी-हातोडी घेऊन कोणीतरी बसला होता असे समजावे. गाडी खरोखर बाहेरून आलेली असेल तर कस्टम्सचे ‘बिल ऑफ एन्ट्री’ मागावे आणि त्यावरची तारीख गाडीच्या जन्मसालाशी ताडून पाहावी. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, त्यामुळे दुबईच्या मामाने बारा वर्षांची गाडी पाठवल्याची गोष्ट ऐकून चहा प्यावा आणि उठावे. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आणून खोट्या कागदांवर नोंदल्याच्या संशयावरून कितीतरी महागड्या मोटारी उचलल्या. दारातून गाडी जाते ती शेवटच्या गिऱ्हाइकाच्या.

हे सगळे इतक्या तपशिलाने लिहितो आहे ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तळेगावच्या एका कारखान्यात तो नोकरीला आहे. पावसाळा सरता सरता तो आला आणि म्हणाला, “सर, लोणावळ्याला बीएसए मिळतेय. एम-ट्वेंटी. अडीच लाख म्हणतायत. बाबांनी लहानपणी पाहिलेली गाडी आहे, त्यांना मागे बसवून एकदा राजमाचीच्या फाट्यापर्यंत जायचंय.” बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. मुळात बंदुकांचा कारखाना, आणि चिन्हही तीन बंदुकांचे. एम-२० ही त्यांची पाचशे सीसीची, एका सिलिंडरची, सैन्यातली हमाल गाडी. अडीच लाख कुठून आणणार, असे विचारल्यावर तो खाली पाहून म्हणाला, “हिच्या नावची ठेव आहे.”

ही म्हणजे त्याची बायको. तिला बरोबर घेतलेस तरच मी येतो, असे मी सांगितले.

बंगल्यात एक मध्यस्थ हजर होता. त्याने पिशवीतून बुकाची झेरॉक्स काढली, आणि नमुना २९ व ३० यांच्या सह्या केलेल्या प्रती. तारखेची जागा कोरी, घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. “तुम्ही फक्त नाव टाका, बाकी सगळं तयार आहे,” तो म्हणाला. हे कोरे फॉर्म म्हणजे जुन्या गाड्यांच्या बाजारातला खरा रोग. गाडी पाच हातांतून जाते, फॉर्म तेच राहतात, आणि मधल्या चौघांचा कागदावर मागमूसही उरत नाही. विद्यार्थी आणि त्याचे वडील इंजिनाभोवती उकिडवे बसले होते. बाई मात्र व्हरांड्याच्या पायरीवर बंगला राखणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलत होत्या. त्यांनी सहज विचारले, “मालक कुठे असतात, बाबा?”

“मालक?” म्हातारा म्हणाला, “मालकांना जाऊन अकरा वर्सं झाली की, बाई.”

अकरा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या सह्या मध्यस्थाच्या पिशवीत होत्या, आणि शाई चांगली निळीशार होती.

मध्यस्थाने मग आवाज चढवला, नंतर उतरवला, शेवटी त्याला कामशेतला कोणालातरी भेटायचे आठवले. त्याचे सोडा. मला नवल वाटले ते विद्यार्थ्याच्या चेहऱ्याचे. तो अजून गाडीकडेच पाहत होता. “पण सर, गाडी तर खरी आहे ना?”

गाडी खरीच होती. म्हणून तर पुढचा खटाटोप करण्यासारखा होता. मालक वारला असेल तर २९-३० चा उपयोग नसतो. वारसाने नमुना ३१ भरून मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडून आधी गाडी आपल्या नावावर करायची, मग विकायची. म्हाताऱ्याजवळ मुलीचा फोन होता. दोन मुली, एक मुलुंडला आणि एक कोथरूडला. आपल्या वडिलांची गाडी विक्रीला काढली आहे हे दोघींना त्या दिवशी आमच्याकडून कळले. थोरलीने बराच वेळ काही न बोलता ऐकले आणि विचारले, “जो घेणार आहे तो चालवणार आहे की नुसती दिवाणखान्यात ठेवणार आहे?”

या प्रश्नाने आम्ही नव्या चरकात सापडलो. कारण २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी काढली आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, पुढच्या पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षे. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला एवढीच बाहेर काढायची. रोज तळेगावला कामावर न्यायची नाही. साधे नूतनीकरण करावे तर बुकात ‘आयात’ लिहिलेले. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारसायकलीला १,००० रुपये, तर आयात केलेलीला १०,०००. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी हेच आकडे २,००० आणि २०,००० झाले. शिवाय पर्यावरण कर. मावळ पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयात, म्हणजे एमएच-१४ मध्ये येतो. गाडीचा नंबर ‘एमएच’च्या आधीचा, तीन अक्षरी, मुंबईचा. त्या काळच्या नोंदी कागदी रजिस्टरात, आणि संगणकावर चढल्या नसतील तर फोनवर नंबर टाकून काहीच उमटत नाही. नव्या गाडीची मुदत, विमा, कर्जाचा बोजा घरबसल्या दिसतो. हिच्यासाठी मुंबईला जाऊन रजिस्टर उघडायला लावणे भाग होते. धाकटी मुलगी ते काम करते म्हणाली. झेरॉक्समागचे मूळ बुकही तिच्याच कपाटात, वडिलांच्या चष्म्याच्या डबीखाली निघाले.

राहिला नंबर. युद्धकाळातल्या एम-२० वर क्रमांकाच्या आरंभी ‘डब्ल्यूएम-२०’ असे असते. एकदा इंजिनावर, एकदा हँडलच्या मुळाशी चौकटीच्या गळ्यावर. दोन्ही बुकाशी वेगवेगळे ताडायचे. लोणावळ्याच्या पावसाने त्या गळ्यावर गंजाचा पापुद्रा धरलेला. वडिलांनी रॉकेलचा बोळा आणि जुना टूथब्रश घेतला. पॉलिश पेपर लावू नका, आकडा घासला गेला तर सगळेच संपले, असे मी तीनदा बजावले. तासाभराने कागद धरून पेन्सिल फिरवली. ठसा उमटला. बुकात शेवटचा आकडा आठ होता. कागदावर तो तीन दिसत होता.

त्या कागदाभोवती आम्ही पाचजण किती वेळ उभे होतो कोण जाणे. बाईंनी शेवटी म्हाताऱ्याकडे त्याच्या मालकांचे भिंग मागितले. गंजाची एक कड डाव्या बाजूला अजून चिकटलेली होती. वडिलांनी ती नखाने काढली, दुसरा कागद धरला, आणि आठ आला.

गाडी अजून त्या पडवीतच आहे. नमुना ३१ चा अर्ज गेलेला आहे, मुंबईच्या रजिस्टरातला उतारा यायचा आहे, आणि ठेव मोडलेली नाही. दर दुसऱ्या रविवारी बापलेक लोकलने लोणावळ्याला जातात, टायर एकाच जागी बसू नयेत म्हणून चाके हाताने अर्धा फेरा फिरवतात, ताडपत्री नीट बांधतात आणि म्हाताऱ्याबरोबर चहा घेऊन परत येतात.