नंबर घातलेले दगड

"लहानच तर आहे! दगडांना नंबर घालू आणि पलीकडे जशीच्या तशी उभी करू." आमच्या गावची वेस रस्तारुंदीकरणात आली तेव्हा एका साहेबांनी भर सभेत हे वाक्य टाकले आणि टाळ्या घेतल्या. मीही वाजवली, हे कबूल करतो. ते नंबरी दगड आज कुणाकुणाच्या जोत्यात आहेत, हे गावाला ठाऊक आहे.

हे वाक्य काही आपल्याकडचेच नव्हे. इस्तंबूलच्या काराकोय चौकात मर्झिफोनलू कारा मुस्तफा पाशाच्या (१६८३ साली व्हिएन्नाला वेढा घालणारा तोच) नावाची छोटीशी मशीद होती. १९०३ साली रायमोंदो द'आरोन्को या इटालियन वास्तुशिल्पीने ती 'आर नूव्हो' या तेव्हाच्या नव्या युरोपीय शैलीत बांधली. १९५८ साली चौक रुंद करायचा म्हणून ती उतरवली. दगड किनालीअदा बेटावर नेऊन तिथे उभारणार, असे ठरले होते. तिथे ती उभी राहिली नाही.

आता म्हणतील, हलवल्याशिवाय शहर वाढणार कसे? त्याच शहरात दिवाणयोलूवर (हा 'दिवाण' आपलाच) फिरूझ आगाची मशीद पाहा. दुसऱ्या बायेझिद सुलतानाच्या या खजिनदाराने ती १४९१ साली बांधली. एक चौरस दालन, त्यावर एकच घुमट, पुढे तीन लहान घुमटांची ओसरी आणि रिवाज सोडून डावीकडे मिनार. बांधणाऱ्याची कबरही शेजारीच. समोरून ट्राम धावते, आणि मशीद जागची हललेली नाही.

सुलेमानियेला हात लावण्याची कुणाची छाती नाही. बळी जातो तो लहानाचाच. पण ऑटोमन शहरात वस्तीला नाव मिळे ते बहुधा अशाच लहान मशिदीवरून. दुकानांचे भाडे वक्फात येई, त्यातून दिव्याचे तेल आणि इमामाचा पगार भागे. तुर्कांचा 'महल्ले' आणि आपला मोहल्ला एकाच अरबी शब्दाचे. बेट कितीही सुंदर असो, चौकातला मोहल्ला तिथे कसा न्यायचा?

"मास्तर, दिवाळी अंकात मशीद कशाला?" असे विचारणारे भेटतीलच. त्यांना सांगतो, शाळेच्या कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळीवर यंदा तांबडी खूण पडली आहे. वाक्य तेच, साहेब नवे. नवी जागा कोणती, नकाशा कुठे, गवंडी कोण, असे मी लेखी विचारले आहे. दसरा गेला, उत्तर आलेले नाही.