पदरमोडीचे शौर्य

डोंगरात अपघात झाला की आपल्याकडे पहिले वाक्य ठरलेले असते : ‘कशाला गेले होते तिकडे?’ दुसरेही ठरलेले : ‘अनुभव नसताना असली धाडसे करू नयेत.’ जानेवारी 2020 मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याच्या, मोहिमेत अरुण सावंत कोसळले आणि गेले, तेव्हा हे दुसरे वाक्य कोणाला उच्चारता आले नाही. सह्याद्रीच्या घळी आणि सुळके धुंडाळण्यात ज्यांची हयात गेली, ज्यांच्याकडून अनेकांनी दोराला हात कसा लावायचा हे शिकून घेतले, त्यांच्या बाबतीत अनुभवाचा मुद्दा काढणार कोण? त्यांच्यासोबत आलेली मंडळी त्या आत वळलेल्या प्रचंड कड्यावर अडकून पडली. त्यांच्या सुटकेसाठी आणि सावंतांच्या शोधासाठी धावले ते ठिकठिकाणचे गिर्यारोहक आणि पायथ्याच्या वाड्यापाड्यांवरची माणसे. सरकारी यंत्रणेची भूमिका अशा वेळी साधारणतः पंचनाम्यापासून सुरू होते. हा काही पोलिसांचा दोष नाही. कड्यावर लटकलेल्या माणसापर्यंत कसे पोहोचायचे, हे ठाण्यातल्या हवालदाराला कोणी कधी शिकवलेलेच नाही.

महाराष्ट्रात डोंगरातली बचावव्यवस्था म्हणून जे काही आहे ते काही संस्थांच्या हौसेवर आणि खिशावर उभे आहे. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, पनवेलचे निसर्गमित्र, महाबळेश्वरचे ट्रेकर्स ही नावे दरीत कोणी पडले की पोलिसांनाही आठवतात. या विखुरलेल्या संस्थांना एका हाकेवर आणण्यासाठी गिर्यारोहकांनीच महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर उभे केले. फोन येतो तो बहुधा अंधार पडल्यावर, कारण अडकलेली माणसे उजेड असेपर्यंत आपली आपण सुटायची खटपट करत राहतात. मग कोणी दुकानाचे शटर ओढतो, कोणी रात्रपाळी बदलून घेतो, गाडीत पेट्रोल स्वतःच्या पैशाने भरतो आणि पायथ्याला पोहोचतो. तिथून खरे काम सुरू होते. सह्याद्रीचा कातळ म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. वरून अभेद्य वाटणारा दगड हातात निखळून येतो, पावसाळ्यानंतर तर जास्तच. दोर अडकवण्यासाठी कातळात ठोकलेले जुने बोल्ट गंजलेले असतात आणि कोणी, कधी ठोकले याची नोंद नसते. कड्यांच्या पोटाला आग्या मोहोळे असतात. ती उठली तर दोरावर लोंबकळणाऱ्याला पळायला जागा नसते. जखमी माणूस हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिला तर मार फारसा नसूनही रक्ताभिसरण बिघडून त्याचा जीव जाऊ शकतो, तोही अर्ध्या तासाच्या आत. म्हणजे कड्यावरच्या अपघातात घड्याळ रस्त्यावरच्या अपघातापेक्षा वेगाने पळते आणि मदत मात्र कितीतरी सावकाश पोहोचते.

वर पोहोचल्यावरही सुटका होत नाही. कड्यावरून माणूस खाली घेणे हा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे स्ट्रेचर खांद्यावर घेऊन नाळेतून, घसाऱ्यावरून, करवंदीच्या जाळ्यांतून गाडीरस्त्यापर्यंत आणणे. याची छायाचित्रे कोणी काढत नाही. सहा-आठ जण एकावेळी लागतात, थोड्या अंतरावर खांदे बदलावे लागतात, आणि हे खांदे बहुतेक वेळा गावकऱ्यांचे असतात. कुठली नाळ उतरते आणि कुठली मध्येच तुटते हे त्यांना विचारल्याशिवाय एकही पथक पुढे जात नाही. दुसऱ्या दिवशी बातमीत मात्र ‘स्थानिकांच्या मदतीने’ एवढेच छापून येते. आमच्या व्यवसायाचीही ही एक सवयच.

या पथकांची आठवण सरकारला होत नाही असे नाही. गरज असली की होते. जुलै 2018 मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली. एक जण सोडता कोणीही वाचले नाही. त्या खोल दरीतून मृतदेह वर काढताना दोर महाबळेश्वरच्या आणि आसपासच्या ट्रेकर्सचेच होते. जुलै 2023 मध्ये इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी रात्रीतून दरडीखाली गेली. रस्ता नव्हता, यंत्रे चढत नव्हती, खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांइतकीच तिथे डोंगर पायाखालचा असलेली स्थानिक पोरे उपयोगी पडली. मदतीला निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा त्या चढावरच हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. शहरातल्या आगीसाठी घडवलेल्या माणसांना मध्यरात्री पावसात निसरड्या डोंगरावर पाठवावे लागते, याचा अर्थ त्या डोंगरासाठी आपण कोणालाच घडवलेले नाही.

कागदावर पाहिले तर पोकळी आणखी स्पष्ट दिसते. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा ‘आपत्ती’ म्हणतो ती बाधित समाजाच्या आवाक्याबाहेर गेलेल्या संकटाला. लिंगाण्याच्या सुळक्यावर पाय मोडून बसलेला एकटा आरोहक ही त्याच्या घरच्यांपुरती आपत्ती. कायद्याच्या लेखी नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134-अ आले आणि रस्त्यावर अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला दिवाणी-फौजदारी झंझटीपासून संरक्षण मिळाले. ते रस्त्यापुरतेच. स्ट्रेचर उतरवताना जखमी दगावला आणि नातेवाइकांनी तक्रार केली, तर उतरवणाऱ्याच्या बाजूने असे कोणते कलम उभे राहणार? त्याचा स्वतःचा पाय मोडला तर वैयक्तिक अपघात विम्याच्या बहुतेक पॉलिसींत धोकादायक खेळांचा अपवाद बारीक अक्षरांत असतोच. सुटकेत वापरलेला, कातळाच्या धारेवर घासलेला दोर पुन्हा विश्वासाचा राहत नाही. तो बाद करून नवा घ्यायचा, वर्गणी काढून. एका बाजूला शौर्य, दुसऱ्या बाजूला पावतीपुस्तक. आणि समारंभात शाल-श्रीफळ देऊन सरकार या दोन्हींतून मोकळे.

इथे कोणीतरी हटकून हेलिकॉप्टरचे नाव काढतो. फेब्रुवारी 2022 मध्ये केरळात पालक्काड जिल्ह्यातील मलमपुळ्याजवळच्या कुरुंबाची डोंगरावर एक तरुण कड्याच्या बेचक्यात अडकला. सोमवारी अडकलेला हा मुलगा बुधवारी सकाळी सुटला. मधल्या चाळीसहून अधिक तासांत ना अन्न ना पाणी, पायाला जखम. तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर येऊन हात हलवत परत गेले, कारण उभ्या कड्याला खेटून यंत्र स्थिर ठेवणे वारा आणि कातळ दोघांनाही मान्य नव्हते. शेवटी लष्कराच्या जवानांनी वरून दोर सोडला, एक जण उतरला, मुलाला स्वतःशी बांधले आणि दोघे वर ओढले गेले. टीव्हीवर हे थेट पाहून देश हळहळला, मग सुखावला. पण जे कौशल्य शेवटी कामी आले ते जवळपास कुठेच नव्हते. ते तमिळनाडूतल्या वेलिंग्टनहून आणि बंगळुरूहून येईपर्यंत तो मुलगा वाट पाहत होता.

फ्रान्सने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. डिसेंबर 1956 मध्ये ज्याँ व्हँसाँदाँ हा फ्रेंच आणि फ्रान्स्वा आन्री हा बेल्जियन, असे ऐन विशीतले दोन तरुण मों ब्लाँवर वादळात सापडले. खाली शामोनी गावातून लोक त्यांना दुर्बिणीने पाहत होते. ते जिवंत आहेत हे दिसत होते. ऐन हिवाळ्यात त्या उंचीवर माणसे पाठवायला तिथली व्यावसायिक वाटाड्यांची संघटना राजी नव्हती. अन्नपूर्णेच्या 1950 च्या मोहिमेतला नामांकित गिर्यारोहक लिओनेल तेरे स्वतःची तुकडी जमवून निघाला आणि निषेध म्हणून त्याने संघटना सोडली. 31 डिसेंबरला हवाई दलाचे सिकोर्स्की हेलिकॉप्टर त्या दोघांजवळ उतरू पाहताना बर्फात आदळले. आता वाचवायला गेलेल्यांनाच वाचवण्याची पाळी आली. त्यांना खाली आणले गेले. ते दोन तरुण मोडक्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात मागे राहिले आणि 3 जानेवारीला प्रयत्न थांबवल्याचे जाहीर झाले. मृतदेह मार्चमध्ये खाली आले. फ्रान्सभर संताप उसळला आणि 1958 मध्ये डोंगरातील बचाव ही शासनाची जबाबदारी ठरली. शामोनीत त्यासाठी सशस्त्र पोलिसांचे खास पथक उभे राहिले. त्यातली माणसे आधी गिर्यारोहक असतात, मग पोलीस.

आपल्याकडे उद्या असेच सरकारी पथक हवे, असा निष्कर्ष यातून काढण्याची घाई नको. महाराष्ट्रात ते एखाद्या बदलीच्या जागेसारखे चालेल आणि ज्यांना डोंगर नको आहे तेच त्यात येतील, ही भीती निराधार नाही. इंग्लंडमध्ये आजही डोंगरातले बचावकार्य स्वयंसेवकच करतात, पगार न घेता. पण त्यांच्या मागे कायदेशीर जबाबदारी घेऊन पोलीस उभे असतात आणि वर तटरक्षक यंत्रणेचे हेलिकॉप्टर असते. ही साथ तिथेही आपोआप मिळालेली नाही. 1928 मध्ये लॅडो रॉक्स या कड्यांवर एक आरोहक पडला. मांडीचे हाड मोडलेले असताना त्याला तासन्‌तास ओढाताण करत, वेदनाशामकाविना खाली आणले गेले आणि अखेर त्याचा पाय कापावा लागला. मँचेस्टरचे शल्यविशारद डॉ. विल्सन हेय यांचे ठाम मत होते, की मॉर्फिन वेळीच मिळाले असते तर पाय वाचला असता. ते पुढची अनेक वर्षे बचाव पथकांना मॉर्फिन पुरवत राहिले, नियम मोडून. 1949 मध्ये त्यांच्यावर खटला झाला, दहा पौंड दंड झाला, गवगवा झाला आणि मग सरकारने पथकांना मॉर्फिन बाळगण्याची रीतसर परवानगी दिली. चांगल्या स्ट्रेचरची रचनाही त्याच धडपडीतून घडली. स्वयंसेवक स्वयंसेवकच राहिले; सरकारने त्यांच्या हातात साधने दिली आणि डोक्यावरची टांगती तलवार काढली.

आपल्या सरकारने आतापर्यंत काय केले? 2018 मध्ये साहसी उपक्रमांसाठी शासन निर्णय आला. तो क्लबांना आणि धंदेवाईक आयोजकांना एकाच मापाने मोजतो, असा आक्षेप गिर्यारोहकांनी घेतला. 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आले. आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, साधनांचा दर्जा यांवर त्यात भर आहे आणि तो योग्यच आहे. शनिवार-रविवारच्या ‘बॅचेस’ भरून, आयुष्यात पहिल्यांदाच हार्नेस चढवणाऱ्या पोरापोरींना कड्यावरून सोडणाऱ्यांना वेसण हवीच. खाली सोडलेल्या दोराच्या टोकाला गाठ नाही, मागे दुसरा अँकर नाही, उतरणाऱ्याला आधाराचा दुसरा दोर नाही आणि रीलसाठी कॅमेरा मात्र दोन, असले प्रकार साहसात मोडत नाहीत. पण नियमांचा हा सारा भार अपघात होऊ नये यावर आहे. अपघात झाल्यावर काय, याचे उत्तर अजूनही ‘फोन करा, कोणीतरी येईल’ हेच. आणि दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, पूर्वी कलम 144 खाली, आता नव्या संहितेच्या कलम 163 खाली. गर्दीच्या धबधब्यांवर त्याचा काही उपयोग होतोही. डोंगरावर तो उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार ठरतो. नाक्यावरचा पोलीस चुकवून माणसे आडवाटेने जातात आणि अडकली की गुन्हा दाखल होईल या भीतीने फोन करायला उशीर करतात.

अडकलेल्यांकडून सुटकेचा खर्च वसूल करा, त्यांच्यावर खटले भरा, ही मागणी अशा प्रत्येक प्रसंगी होते. केरळातही त्या मुलाला वाचवल्यानंतर खर्चाची चर्चा झाली. गुन्हा दाखल करणार नाही म्हणणाऱ्या वनखात्याने पुढे तो दाखल केला. संताप समजण्याजोगा आहे. पण दंडाच्या धाकाने डोंगरावर जाणारे किती थांबतील हे सांगणे कठीण. फोन करणारे किती थांबतील हे सांगायला मात्र ज्योतिषी नको. आणि उशिरा आलेला फोन म्हणजे अंधारातली चढाई. तिचा धोका फोन करणाऱ्याइतकाच शिवदुर्गच्या किंवा यशवंतीच्या पोराला असतो. बेजबाबदार आयोजकाला शिक्षा जरूर करा, पण जखमीला सुटकेचे बिल पाठवू नका.

करायचे काय, हे सांगायला नवी समिती नेमण्याची गरज नाही. पथकांतल्या सदस्यांचा विमा राज्य सरकारने काढावा. तो काही कोट्यवधींचा मामला नाही. बाद झालेल्या दोराच्या बदल्यात नवा दोर जिल्हा नियोजनाच्या निधीतून मिळावा आणि त्यासाठी पथकप्रमुखाला तीन टेबले फिरावी लागू नयेत. रस्त्यावर मदत करणाऱ्याला जे संरक्षण आहे ते डोंगरात मदत करणाऱ्याला देण्याचा कायदा विधिमंडळ एका अधिवेशनात करू शकते. कोकणकडा, लिंगाणा, कळकराय, ड्यूक्स नोज अशा नेहमीच्या ठिकाणांच्या पायथ्याशी, गावच्या ग्रामपंचायतीत किंवा शाळेत, एक चांगले स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराची पेटी कुलपात नव्हे तर हाताशी असावी. ते उचलणाऱ्या गावकऱ्यांना त्या दिवसाची मजुरी मिळावी, कारण त्यांचा रोजगार बुडालेला असतो आणि ते तसे सांगत नाहीत. कड्यांवरच्या बोल्टची नोंद ठेवण्याचे काम गिर्यारोहक संस्थांनी स्वतः अंगावर घ्यावे. त्यात सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही आणि आपसांतल्या क्लबबाजीमुळे हे काम आजवर राहिले असेल तर ती त्यांची त्यांनी आवरावी.

आणि येत्या पावसाळ्यात जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतीलच. त्यांनी त्याच कागदावर खाली बचाव पथकाचा क्रमांक, सर्वांत जवळचे स्ट्रेचर कोणत्या गावात आहे, आणि रात्री दोन वाजता फोन उचलून रुग्णवाहिका पायथ्याला पाठवण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची, हेही हुद्द्यासकट छापावे.